मूत्रपिंडास मार लागतो तेव्हा

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक काही लिहावे, असे चिटणीसांनी सुचविले तेव्हा मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे नेहमीचे विषय आमच्यापुढे आले. त्यांवर प्रतिवर्षी लिहिले जाते आणि लिहिले जावेच. परंतु ज्याविषयी घरोघर भीती फार आणि माहिती थोडी, असा एक विषय आमच्या मनात पुष्कळ दिवस घोळत होता. तो म्हणजे अपघातात मूत्रपिंडास होणारी इजा आणि तिचे उपचार. आपल्या बडोद्यात तर या विषयाला वर्षातला एक दिवस जणू नेमूनच दिला आहे. १४ जानेवारीस, उत्तरायणाच्या दिवशी, सारे शहर गच्चीवर असते, आणि दुपार कलू लागली की गच्चीवरून पडलेली मुले इस्पितळात येऊ लागतात.

अशाच एका उत्तरायणाला तेरा वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आला. दांडिया बाजारातील जुन्या घराची गच्ची; कटलेला पतंग धरावयास तो मागे मागे सरकत गेला आणि शेजारच्या खालच्या छपरावर पडला. पडताना डावी कूस भिंतीच्या कडेवर आपटली. उठून उभा राहिला, चालला, वर पुन्हा पतंगही उडविला. बोलणी खावी लागतील म्हणून घरी पडल्याचे सांगितले नाही. कूस दुखते एवढेच म्हणाला. आजींनी हळदीचे दूध दिले आणि कुशीला तेल चोळले. दिवेलागणीला त्याला लघवी झाली ती कोकमाच्या आगळासारखी लाल. मग घरात एकच धावाधाव झाली.

आजींनी केले ते मायेने केले. परंतु बरगडीखाली मार लागला असेल तर ती जागा चोळू नये, शेकू नये. आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांनी मान हलविली. मनातून त्यांना पटले असेलसे मात्र आम्हांस वाटत नाही.

मूत्रपिंडे पोटात असतात असे आपण म्हणतो. खरे पाहता ती पोटाच्या मागल्या बाजूस, कण्याच्या दोन्ही अंगांना, शेवटच्या दोन बरगड्यांच्या आडोशाला बसलेली असतात. प्रत्येकाची लांबी दहा ते बारा सेंटिमीटर, वजन सुमारे १५० ग्रॅम. एवढ्याशा या जोडीकडे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा जातो. मिनिटाला लिटरभर म्हणा ना! शरीरात रक्त असते पाच लिटरच्या आसपास, तेव्हा पाचएक मिनिटांत आपल्या साऱ्या रक्ताएवढे रक्त या दोघांतून जाऊन येते. अशा अवयवाला चीर पडली तर रक्त किती वाहावे याला काही सुमार नाही.

आणि तरीही बहुतेक वेळा ते थांबते. याचे कारण मूत्रपिंडाच्या बांधणीत आहे. त्याच्यावर स्वतःचे एक पातळ पण चिवट वेष्टन असते, वेष्टनाभोवती चरबीची गादी असते, आणि या सर्वांस गुंडाळून घेणारे एक जाड पटल असते. रुमानियातील शरीररचनाशास्त्रज्ञ गेरोटा याने १८९५ साली त्याचे वर्णन केले म्हणून ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. मूत्रपिंड फाटले की रक्त या बंद पिशवीत साचू लागते. पिशवी ताणते, आतला दाब वाढतो, आणि तोच दाब फाटलेल्या जागेवर बसून रक्त थांबवितो. बोट कापले की आई पदर गुंडाळून घट्ट धरते, तसेच हे आहे. मुलांत मात्र चरबीची गादी पातळ असते, बरगड्या लवचीक असतात आणि अंगाच्या मानाने मूत्रपिंड मोठे असते. म्हणून मोठ्या माणसाला जो धक्का पचतो, तो मुलाला पचेलच असे नाही.

मुलगा आला तेव्हा त्याची नाडी मिनिटाला सव्वाशेच्या घरात होती, रक्तदाब अगदी यथास्थित होता. येथे अनुभवी परिचारिकाही सावध होते. मुलांचा रक्तदाब पुष्कळ रक्त जाईपर्यंत खाली येत नाही, आणि येतो तेव्हा एकदम कोसळतो. आधी बोलते ती नाडी. दोन्ही हातांच्या शिरांत सुया बसवून सलाईन सुरू केले, रक्तगट तपासून रक्त राखून ठेवावयास सांगितले, हिमोग्लोबिन व क्रिएटिनिन पाहिले, आणि त्याला सी. टी. स्कॅनसाठी नेले.

हे यंत्र नसते तर या लेखास लिहिण्याजोगे फारसे काही उरले नसते. १९७१ साली हाउन्सफील्ड याच्या यंत्रावर लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या डोक्याचे चित्र घेतले गेले, आणि पुढे काही वर्षांत पोटाचीही चित्रे घेता येऊ लागली. मूत्रपिंडाच्या इजेत शिरेतून औषध देऊन दोन वेळा चित्रे घ्यावी लागतात. पहिल्या वेळी ते औषध रक्तात असते. रक्त कोठे झिरपते आणि मूत्रपिंडाच्या कोणत्या भागास रक्त पोचतच नाही, ते दिसते. सुमारे दहा मिनिटांनी तेच औषध लघवीत उतरते. तेव्हा दुसरी चित्रे घेतली म्हणजे लघवी आत कोठे गळते आहे का, ते कळते. घाईत दुसरी फेरी राहून गेली तर अर्धे दुखणे दिसावयाचे राहते.

इजेच्या पाच प्रती आहेत. अमेरिकेतील अपघात-शल्यवैद्यांच्या संघटनेने त्या १९८९ साली ठरविल्या आणि २०१८ साली सुधारल्या. पहिल्या प्रतीत नुसते मुके मार व वेष्टनाखालचे रक्त. दुसरीत सेंटिमीटरच्या आतली चीर. तिसरीत त्याहून खोल चीर. चौथीत ती चीर लघवी गोळा होते त्या पोकळीपर्यंत गेलेली किंवा एखादी उपरोहिणी तुटलेली. पाचवीत मूत्रपिंडाच्या ठिकऱ्या, किंवा त्याचा देठच तुटलेला. आमच्या मुलाची इजा चौथ्या प्रतीची होती. खालच्या अर्ध्या भागात आरपार चीर, भोवती मुठीएवढे रक्त, लघवीही थोडी गळत होती. देठ मात्र शाबूत होता.

हे आम्ही वडिलांना समजावून सांगितले आणि मुलाला निजवून ठेवणार, असे म्हणालो. वडील सरळ माणूस. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आत फाटलंय म्हणता, लघवी गळतेय म्हणता, आणि नुसतं निजवून ठेवता? उघडून शिवून का टाकत नाही? पैशांची काळजी करू नका."

हा प्रश्न त्यांचा एकट्याचा नव्हे. शल्यवैद्यांच्या कित्येक पिढ्यांनी तो स्वतःस विचारला आणि उत्तर म्हणून सुरी उचलली. जर्मनीत हायडेलबर्ग येथे गुस्टाव्ह सिमोन याने १८६९ साली, आधी कुत्र्यांवर प्रयोग करून, एका स्त्रीचे एक मूत्रपिंड ठरवून काढले आणि ती स्त्री जगली. एका मूत्रपिंडावर मनुष्य जगतो हे सिद्ध झाले ही फार मोठी गोष्ट झाली. परंतु जखमी मूत्रपिंड काढून टाकण्याचे धैर्यही त्यातूनच वाढले. पुढे १९२९ पासून शिरेतून औषध देऊन मूत्रमार्गाची क्ष-किरण चित्रे घेता येऊ लागली. ती उपयोगी खरी, पण पुसट. फाटले किती ते निश्चित कळत नसे. कळत नाही म्हणून उघडून पाहावयाचे, असा परिपाठ पडला.

उघडून पाहण्यात गोम अशी की, ज्या बंद पिशवीच्या दाबाने रक्त थांबलेले असते ती पिशवीच सुरी कापते. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी आईने पदर सोडावा आणि धार पुन्हा लागावी, तसे होते. मग त्या धारेत शिवणे साधत नाही आणि जीव वाचविण्यासाठी मूत्रपिंड काढावे लागते. जी मूत्रपिंडे हात न लावता सांधली असती अशी कितीतरी या रीतीने गेली. आज बोथट माराने झालेल्या इजांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक शस्त्रक्रियेवाचून बऱ्या होतात. चौथ्या प्रतीतील पुष्कळ आणि पाचवीतीलही काही त्यात येतात. अट एकच: रुग्णाची नाडी व रक्तदाब स्थिर असले पाहिजेत.

वडिलांना आम्ही पदराचेच उदाहरण दिले. ते गप्प झाले. पण रात्रभर खाटेजवळून हलले नाहीत.

निजवून ठेवणे म्हणजे काही न करणे, असा समज असेल तर तो येथेच सोडावा. पहिल्या रात्री दर पंधरा मिनिटांनी नाडी व रक्तदाब, पुढे दर तासाला. हिमोग्लोबिन दर सहा तासांनी. कुशीवरची सूज वाढते का हे पाहण्यासाठी तिच्या कडेने शाईची रेघ. वेदनेसाठी पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीची, सर्रास दुकानातून आणून घेतली जाणारी औषधे येथे वर्ज्य; ती रक्त गोठू देत नाहीत आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही कमी करतात. लघवी गळत होती म्हणून जंतूंवरील औषध सुरू केले. आणि एक जुनी, बिनखर्चाची रीत आम्ही अजूनही पाळतो. प्रत्येक वेळची लघवी वेगळ्या बाटलीत ठेवून, वर वेळ लिहून, बाटल्या खिडकीत ओळीने मांडावयाच्या. पहिली आगळासारखी, तिसरी काळ्या चहासारखी, सहावी फिक्या गुलाबी रंगाची. ती ओळ पाहिली की शाळेत न गेलेल्या आजींनाही कळे की नातू कोणत्या वाटेने चालला आहे. आमच्या आधी तर त्याच ती वाचीत.

दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन थोडे उतरले व तेथेच थांबले. रक्त द्यावे लागले नाही. तिसऱ्या दिवशी बाटली जवळजवळ स्वच्छ आली आणि मंडळींनी घरी जाण्याची तयारी आरंभिली. आम्ही मात्र चौथ्या-पाचव्या प्रतीच्या इजेत करावयाची दुसरी चित्रे दोन-तीन दिवसांनी घेतोच. त्याच संध्याकाळी मुलाला ताप भरला. चित्रात गळलेल्या लघवीचे तळे वाढलेले दिसले. मूत्रवाहिनीत रक्ताची गाठ अडकून वाट तुंबली होती, त्यामुळे लघवी फटीतून बाहेर येत होती. भूल देऊन, मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून, मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक बारीक लवचीक नळी बसविली. हिला स्टेंट म्हणतात. अंगावर एकही टाका नाही. लघवीला सरळ वाट मिळाली, फट कोरडी राहिली, दोन दिवसांत ताप उतरला. नवव्या दिवशी मुलगा घरी गेला, आणि नळी सहा आठवड्यांनी काढली.

घरी जाणे म्हणजे बरे होणे नव्हे, हे मात्र फार थोडे लोक मानतात. पादऱ्याकडील एक तरुण मोटारसायकलवरून पडला होता. त्याची इजा याच्याहून सौम्य होती. चौथ्या दिवशी, आमचे न ऐकता, तो गेला. घरी पोती उचलू लागला. अकराव्या दिवशी रक्ताच्या गाठींसह लघवी होत, घामाने डबडबलेला असा परत आला. चिरेत एक छोटी रोहिणी अर्धवट सांधून तिला फुगा आला होता आणि तो फुटला होता. दोन-तीन आठवड्यांपर्यंत असा धोका असतो. सुदैवाने यालाही आता सुरी लागतेच असे नाही. जांघेतील रोहिणीतून बारीक नळी मूत्रपिंडापर्यंत नेऊन, फुटलेल्या तेवढ्याच फांदीत धातूचे वेटोळे सोडून ती बंद करता येते. त्याची फांदी बंद झाली, बाकीचे मूत्रपिंड वाचले. परंतु ही सोय प्रत्येक गावी नसते, आणि त्याला बडोद्यास पोचावयास दोन तास लागले. त्या दोन तासांत काय झाले असते, हे त्याच्या पत्नीस आम्ही सांगितले नाही. तिच्या चेहऱ्यावरून तिला ते ठाऊक होते.

शस्त्रक्रिया टळतच नाही असेही प्रसंग आहेत. रक्त देत असूनही रक्तदाब टिकत नसेल, देठ तुटला असेल, तर वाट पाहणे हा अपराध होय. तेव्हाही मूत्रपिंड काढण्यापूर्वी दुसऱ्या बाजूस मूत्रपिंड आहे ना, याची खात्री करावीच लागते. कारण हजार-दीड हजार माणसांत एखाद्यास जन्मतःच एक मूत्रपिंड असते आणि ते त्याला ठाऊकही नसते. एक गेलेच तर आयुष्य संपत नाही. १९५४ साली बॉस्टन येथे रोनाल्ड हेरिक याने आपल्या जुळ्या भावास एक मूत्रपिंड दिले. स्वतः तो २०१० पर्यंत जगला. सुरीच्या किंवा बैलाच्या शिंगाच्या जखमेत शस्त्रक्रियेची गरज अधिक वेळा पडते, कारण तेथे पिशवीच भोसकलेली असते आणि आतडीही सुटलेली नसतात.

आता सर्वांत घातक गैरसमज. लघवी लाल नाही म्हणजे मूत्रपिंड सुखरूप, असे धरून चालू नये. उंचावरून पडल्यावर किंवा धावते वाहन एकदम थांबल्यावर मूत्रपिंड आपल्या देठावर झोक्यासारखे ओढले जाते, रोहिणीचे आतले अस्तर फाटते व ती तुंबते. रक्त आतच येत नाही, मग लघवीत कोठून येणार? लघवी स्वच्छ असते आणि मूत्रपिंड काही तासांत मरते. उलट, किरकोळ माराने लघवी भयंकर लाल झाली तर आधीपासून काही दोष लपलेला असण्याची शंका घ्यावी. जन्मतः तुंबून फुगलेले मूत्रपिंड चेंडूच्या धक्क्यानेही फुटते. (बीट खाल्ल्यावर किंवा क्षयाचे रिफाम्पिसिन घेताना लघवी लालसर होते, रात्री अकरा वाजता तेवढ्यासाठी आलेली मंडळीही आम्ही पाहिली आहेत. त्यांना आम्ही रागावत नाही.) उंचावरून पडलेल्या, कुशीवर खरचटलेल्या, खालच्या बरगड्या मोडलेल्या माणसाला लघवीचा रंग न पाहता इस्पितळात आणावे. १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी, वाटेत काही खाऊ-पिऊ घालू नये, आणि ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन यांपैकी काही चालू असेल तर ते पोचताच सांगावे.

अपघातात मूत्रपिंडाचा नाश दुसऱ्याही एका मार्गाने होतो, आणि त्यात मूत्रपिंडाला धक्कासुद्धा लागलेला नसतो. १९४१ साली लंडनवर बाँब पडत असता ढिगाऱ्यांखालून काढलेली काही माणसे प्रथम ठीक दिसत व काही दिवसांनी लघवी बंद पडून मरत. बायवॉटर्स व बील या डॉक्टरांनी अशा चार रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. चिरडलेल्या स्नायूंतील द्रव्य रक्तात उतरते, मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नळ्या त्याने बुजतात, लघवी काळ्या चहासारखी होते. त्याच स्नायूंतून सुटलेले पोटॅशियम हृदय बंद पाडू शकते. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले, आपल्या बडोद्यातही धरणी हलली आणि भूजचे मुख्य इस्पितळच कोसळले, तेव्हा हा विषय पुस्तकातून उठून आपल्या दारी आला. तुर्कस्तानात १९९९ च्या भूकंपानंतर मूत्रपिंडाचा असा विकार झालेल्या ६३९ रुग्णांची नोंद झाली व त्यांतील ४७७ जणांना डायलिसिस द्यावे लागले. डायलिसिसवर तग धरला तर बहुतेकांची मूत्रपिंडे काही आठवड्यांत पुन्हा कामाला लागतात. परंतु खरा उपचार ढिगाऱ्यापाशीच आहे. हात मोकळा दिसताच, माणूस बाहेर काढण्याआधीच, शिरेतून सलाईन सुरू करावे. आणि बाहेर काढल्यावर कोणी कितीही प्रेमाने आणले तरी नारळपाणी देऊ नये; त्यात पोटॅशियम भरपूर असते.

पुन्हा आमच्या मुलाकडे. तीन महिन्यांनी त्याचे चित्र घेतले. खालच्या टोकास एक वण, बाकी मूत्रपिंड काम करीत होते. शाळा सुरूच होती, आता खेळायलाही परवानगी दिली. रक्तदाब मात्र पहिले वर्षभर वरचेवर व पुढे दरवर्षी मोजावयाचा, असे बजावले आहे. अमेरिकेत आयर्विन पेज याने १९३९ साली कुत्र्याच्या मूत्रपिंडाभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला होता. त्याखाली घट्ट कवच तयार झाले आणि त्या दाबाने कुत्र्याचा रक्तदाब चढला. वेष्टनाखाली साचलेले जुने रक्त कधीकधी माणसातही तेच करते, कित्येक महिन्यांनी, कित्येक वर्षांनीसुद्धा.

पुढच्या उत्तरायणाला मुलाला गच्चीवर जाऊ द्यावे का, असे वडिलांनी विचारले. आम्ही म्हणालो, जाऊ द्या, पण आधी गच्चीला छातीएवढा कठडा बांधा. त्यांनी तो दिवाळीपूर्वीच बांधला. आजी वर जाऊन, त्याला हात लावून पाहून आल्या, असे पुढच्या खेपेस मुलाने सांगितले. त्या दिवशी त्याचा रक्तदाब ११० वर ७० होता.